शुक्राची संजीवनी : एका प्रश्नाचा इतिहास

१

दुर्गापुरा हे नाव महाराष्ट्रातील वाचकाच्या परिचयाचे असण्याचे कारण नाही. जयपूर शहराच्या दक्षिणेस, टोंककडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ही वस्ती आहे. स्वतःचे एक रेल्वेस्थानक आणि कृषी संशोधनाची एक जुनी संस्था ही तिची ओळख. प्रस्तुत लेखकाचा तेथे काही दिवस मुक्काम होता तो एका आप्ताच्या घरी, साहित्याशी फारसा संबंध नसलेल्या एका कौटुंबिक कारणासाठी. एका संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो असताना पश्चिमेकडे शुक्र दिसू लागला. भाचीचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा जवळ होता. त्याने विचारले, "आजोबा, तिथे कोणी राहतं का?" मी जे अनेकदा वाचले होते ते सांगून टाकले : तेथील उष्णतेने शिसे वितळेल, तेव्हा तेथे कोणी राहत नाही. मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मग आधी कोणी राहत होतं का?"

या दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अधिक विचार केल्यावर ध्यानात आले, की पहिल्या प्रश्नाला दिलेले उत्तरही माझे नव्हते. ते ऐकीव होते. ज्या प्रश्नाचे उत्तर आपण इतक्या सहजपणे देतो, तो प्रश्न मुळात विचारला तरी केव्हा गेला, कोणी विचारला, आणि मराठी भाषेत तो विचारणे केव्हा शक्य झाले, याचा शोध घ्यावा असे वाटले. प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा एक टप्पा आहे. लेखकाचा व्यवसाय साहित्यसमीक्षेचा आहे, खगोलशास्त्राचा नाही. परंतु प्रश्नांनाही इतिहास असतो, आणि तो इतिहास भाषेतून घडतो, एवढ्या अधिकारावर हे धाडस केले आहे.

हा शोध दुर्गापुऱ्यात सुरू झाला हा योगायोग अगदीच निरर्थक नव्हे. तेथून काही कोसांवर, जुन्या जयपुरात, सवाई जयसिंहाची वेधशाळा उभी आहे. आणि त्या वेधशाळेच्या इतिहासात एका महाराष्ट्रीय पंडिताचे नाव कोरले गेले आहे.

२

सवाई जयसिंहाचा जन्म १६८८ मधला. त्याने १७२७ मध्ये जयपूर वसविले आणि दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व वाराणसी या पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. दगड-चुन्याची इतकी प्रचंड यंत्रे उभारण्यामागे एक निश्चित विचार होता. धातूची लहान यंत्रे झिजतात, त्यांचे केंद्र हलते, त्यांच्यावरील अंशांचे विभाग बारीक करता येत नाहीत. यंत्र मोठे व अचल असेल तर मोजणी अचूक होईल, असा तो विचार होता.

या उपक्रमातील प्रमुख पंडित म्हणजे सम्राट जगन्नाथ. ते महाराष्ट्रीय होते, असे परंपरा सांगते. शिवाजी महाराजांवरील मोहिमेच्या वेळी जयसिंहाने या बुद्धिमान तरुणास दक्षिणेतून आणले, अशी एक कथा सांगितली जाते. परंतु १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाला कारण झालेला मिर्झाराजा जयसिंह आणि वेधशाळांचा कर्ता सवाई जयसिंह या दोन भिन्न व्यक्ती आहेत. कथा कालविपर्यासाची आहे हे उघड होते. तिच्यातून एवढेच घ्यावयाचे, की जगन्नाथांचे दक्षिणी मूळ लोकस्मृतीत पक्के होते. त्यांनी अरबी व फार्सी आत्मसात केली आणि नासिरुद्दीन तुसीच्या अरबी संस्करणांवरून युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने व टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ 'सम्राट्सिद्धान्त' या नावाने (१७३२) संस्कृतात आणला. ग्रीकातून अरबीत, अरबीतून संस्कृतात, आणि हे करणारा मराठी मुलखातला, राजपूत राजाच्या आश्रयाला : ज्ञानाचा हा प्रवास आजच्या वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे 'रेखागणिता'चे मुद्रण मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत १९०१-०२ मध्ये झाले, म्हणजे तो ग्रंथ एका अर्थी परत आला.

आता शुक्राकडे वळू. जयसिंहाने मोगल बादशहा मुहम्मदशहाला अर्पण केलेल्या 'झिज-ए-मुहम्मदशाही' या फार्सी ग्रंथात दुर्बिणीतून केलेल्या निरीक्षणांची नोंद आहे. बुध व शुक्र यांना चंद्राप्रमाणे कला असतात, गुरूभोवती चार तेजस्वी तारे फिरतात, शनीचा आकार लंबवर्तुळासारखा दिसतो, सूर्यबिंबावर डाग असतात, हे तीत आले आहे. यांतली पहिली नोंद विलक्षण महत्त्वाची. शुक्राच्या कला गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिल्या होत्या, आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो याचा डोळ्यांना पटणारा पुरावा म्हणून युरोपात त्यांचा उपयोग झाला होता. जयपूरला तोच चंद्रकोरीसारखा शुक्र दिसला. तरी जयपूरचे गणित भूकेंद्रीच राहिले, आणि शुक्र हा परप्रकाशित, कदाचित पृथ्वीसारखा एक गोल असेल, तेथे भूमी असेल, असा विचार तेथे झाल्याचे दिसत नाही.

असे का व्हावे? आपल्याकडे या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आहेत. सर्व काही आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असे एक पक्ष म्हणतो. आपल्या पूर्वजांना कुतूहलच नव्हते, असे दुसरा. दोन्ही उत्तरे आळसातून आलेली आहेत. खरी कारणे अधिक साधी आहेत. पहिले कारण असे, की वेधशाळेचे प्रयोजन सारणी सिद्ध करण्याचे होते. ग्रह अमुक वेळी आकाशात कोठे असेल हे सांगायचे होते, तो कसा आहे हे नव्हे. दुसरे, त्या काळची दुर्बीण दाखवीत असे, मोजीत नसे. कोन मोजण्याची सोय नसलेले साधन मोजणाऱ्याच्या दृष्टीने केवळ नवलाचे राहते. तिसरे कारण शेजाराचे. जयसिंहाने १७२० च्या दशकाच्या अखेरीस फादर फिगेरेदो याच्या नेतृत्वाखाली पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठविले. त्याला ला हायर या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या सारण्या मिळाल्या, आणि त्यांत चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक आहे हे त्याने दाखवून दिले. १७३४ मध्ये चंद्रनगरहून बूदिये व पाँस हे दोन फ्रेंच जेझुइट जयपुरास आले. परंतु जेझुइटांना सूर्यकेंद्री मत सत्य म्हणून शिकविण्याची मोकळीक त्या वेळी नव्हती. युरोपची नवी दृष्टी ज्या दारातून येणार ते दारच अर्धे लोटलेले होते.

त्याच वेळी युरोपात हा प्रश्न मोकळेपणाने विचारला जात होता, हे खरे. फोंतनेलचे अनेक लोकांविषयीचे संवाद १६८६ मध्ये, म्हणजे जयसिंहाच्या जन्माआधी दोन वर्षे प्रसिद्ध झाले. हायगेन्सचा याच विषयावरील ग्रंथ १६९८ मधला. फोंतनेलच्या संवादांत शुक्रावरील रहिवासी उन्हाने काळवंडलेले, रसिक आणि प्रेमासक्त आहेत. तेव्हा प्रश्न विचारला गेला तो ज्ञान होते म्हणून नव्हे, कल्पनेला परवानगी होती म्हणून. जयपूरने मोजले आणि कल्पना केली नाही. पॅरिसने कल्पना केली आणि मोजले नाही. या दोन वृत्ती एकत्र येण्यास पुढे दोन शतकांहून अधिक काळ लागला.

जयसिंह १७४३ मध्ये वारला. बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये तीर्थयात्रेस निघाल्या तेव्हा त्यांचे आदरातिथ्य करणारे जयपूर, पुढे वारसाकलहात मराठ्यांच्या खंडणीखाली भरडले गेले आणि १७५१ च्या जानेवारीत शहरात आलेल्या मराठ्यांची तेथे कत्तल झाली. शेजार एका पिढीत वैराचा झाला. जगन्नाथांच्या ग्रंथांचे पुढे काय झाले असते याची कल्पना करीत बसण्यात अर्थ नाही. परंतु विद्येचा जो दुवा जुळला होता तो राजकारणाला टिकवता आला नाही, एवढे इतिहासाने नोंदवले पाहिजे.

३

ग्रहावर जीव आहेत का, हे विचारण्यापूर्वी ग्रह हे 'ठिकाण' व्हावे लागते. तो जोवर केवळ तेज आहे, देवता आहे किंवा कुंडलीतील एक घर व्यापणारी सत्ता आहे, तोवर हा प्रश्न संभवतच नाही. मराठीत ग्रहाला ठिकाणपण आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही हळूहळू.

बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' (१८३२) आणि 'दिग्दर्शन' (१८४०) यांच्याद्वारे नव्या विद्यांना मराठीत वाट करून दिली. कुलाबा वेधशाळेशीही त्यांचा संबंध होता. त्याच वेधशाळेत तरुणपणी काम केलेल्या केरो लक्ष्मण छत्र्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' (१८६०) हा ग्रंथ लिहिला. ग्रंथाचे नावच बोलके आहे. त्याचे प्रयोजन ग्रहाचे स्थान नेमके सांगणे हेच होते. पंचांगात दिलेला ग्रह आणि आकाशात दिसणारा ग्रह यांत पडलेले अंतर हा त्या पिढीपुढील ज्वलंत प्रश्न होता. पटवर्धनी पंचांग त्यातूनच निघाले, आणि पंचांगशुद्धीच्या वादात पुढे लोकमान्य टिळकांनीही लक्ष घातले. व्रतवैकल्ये, मुहूर्त, शुक्राच्या अस्तात विवाह करावा की नाही, अशा रोजच्या व्यवहाराशी हा वाद निगडित असल्याने त्यात सामान्य माणसाचे हित गुंतलेले होते. त्या वादाला क्षुद्र मानण्याचे कारण नाही. त्याने एक मोठी गोष्ट शिकविली : ग्रंथ आणि आकाश यांत विरोध आला तर आकाश प्रमाण मानावे.

या परंपरेचा कळस म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' (१८९६). जयसिंह आणि जगन्नाथ यांना मराठी वाचकासमोर आणले ते याच ग्रंथाने. पुरावा किती आहे तेवढेच म्हणावयाचे, ही शिस्त मराठी गद्याला ज्यांनी लावली त्यांत दीक्षितांचे स्थान पहिल्या रांगेत आहे. त्याच दीक्षितांनी सामान्य वाचकासाठी 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज' लिहिले. 'मौज' हा शब्द येथे लक्षणीय आहे. मुहूर्तासाठी किंवा फलितासाठी नव्हे, केवळ आनंदासाठी आकाशाकडे पाहावे, हे मराठीत नवे होते. ज्याच्याकडे आनंदाने पाहता येते त्याच्याविषयी 'तेथे काय असेल?' असे विचारता येते. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चांद्रप्रवासाची कथा मराठीत क्रमशः येऊ लागली, तेव्हा आकाशातील गोल हे प्रवासाला जाण्याचे स्थळ झाले होते.

शुक्राच्या बाबतीत मात्र मराठी मनात आधीपासूनच एक वेगळी तयारी होती. शुक्र म्हणजे असुरांचा गुरू, आणि त्याच्यापाशी मेलेल्याला जिवंत करणारी संजीवनी विद्या. ती विद्या मिळविण्यासाठी देवांनी कचाला त्याच्याकडे पाठविले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'संगीत विद्याहरण' (१९१३) या नाटकाने ही कथा मराठी प्रेक्षकाच्या कानांत बसविली, आणि वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' (१९५९) या कादंबरीने तिच्या पुढच्या भागाला घरोघर नेले. वामनाच्या दानाचे पाणी अडविण्यासाठी झारीच्या तोंडात जाऊन बसलेला आणि त्यात एक डोळा गमावलेला शुक्राचार्यही आपल्या म्हणीत आजवर जिवंत आहे. जीवन देणारा आणि वाट अडविणारा, ही शुक्राची दोन्ही रूपे आपल्या परंपरेत एकत्र नांदतात. पुढील शतकात विज्ञानाला शुक्राचा जो अनुभव आला तो, केवळ योगायोगाने, याच दोन रूपांचा आहे.

४

शुक्र पृथ्वीचा सर्वांत जवळ येणारा शेजारी. त्याचा व्यास सुमारे १२,१०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपेक्षा थोडाच कमी. जवळ आला असता तो सुमारे चार कोटी किलोमीटरवर असतो. परंतु इतक्या जवळच्या या ग्रहाचा पृष्ठभाग कोणत्याही दुर्बिणीला दिसेना, कारण त्यावर ढगांचे अखंड आवरण आहे. झारीतल्या शुक्राचार्यांचे काम या ढगांनी केले.

जेथे दिसत नाही तेथे अनुमान चालते. ढग आहेत तर पाणी असणार. पाणी आहे आणि सूर्य जवळ आहे, तर दमट उष्ण हवा, दलदल आणि दाट वनस्पती असणार. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आर्हेनियस याने १९१८ च्या सुमारास शुक्राचे असे ओलेचिंब चित्र रंगविले आणि ते पुढे चार दशके कथा-कादंबऱ्यांतून टिकले. या तर्कातील प्रत्येक पायरी वरवर योग्य होती. चूक होती ती पहिल्याच पायरीत. ढग पाण्याचे असणार हे कोणी तपासले नव्हते. समीक्षेच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना ही चूक नवी वाटणार नाही. एका अनुमानावर दुसरे रचीत जावे आणि शेवटी इमारतीच्या उंचीलाच पायाचा पुरावा मानावे, असे आपल्याकडेही घडते.

१९५६ मध्ये शुक्राकडून येणाऱ्या रेडिओ लहरींवरून तेथील तापमान काही शे अंश असावे असे सुचू लागले. १९६२ च्या डिसेंबरात अमेरिकेचे मरिनर-२ हे यान शुक्राजवळून गेले आणि त्या संशयाला दुजोरा मिळाला. १९६७ मध्ये सोव्हिएत संघाचे व्हेनेरा-४ हे यान वातावरणात उतरले. खाली पोहोचण्यापूर्वीच त्याचा आवाज थांबला. १५ डिसेंबर १९७० रोजी व्हेनेरा-७ पृष्ठभागावर टेकले आणि सुमारे २३ मिनिटे क्षीण संदेश पाठवीत राहिले. दुसऱ्या एखाद्या ग्रहाच्या भूमीवरून माणसाला आलेला तो पहिला संदेश. १९७५ मध्ये व्हेनेरा-९ ने पहिले छायाचित्र पाठविले : सपाट, तुटक्या कडांचे दगड. १९८२ मध्ये व्हेनेरा-१३ तेथे १२७ मिनिटे टिकले, आणि तो त्या काळचा पराक्रम होता.

या यानांनी जे सांगितले ते असे. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस. वातावरणाचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट, म्हणजे समुद्रात जवळजवळ एक किलोमीटर खोल असावा तितका. हवेत ९६ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड. आणि ढग पाण्याचे नव्हेत, गंधकाम्लाचे. सूर्याजवळ असल्याने शुक्राला पृथ्वीच्या सुमारे दुप्पट ऊन मिळते, परंतु त्यातले बरेचसे ढगांवरून परावर्तित होते. तेव्हा ही भट्टी केवळ सूर्याने पेटविलेली नाही. आत आलेल्या उष्णतेला बाहेर जाऊ न देणारे वातावरण हे तिचे कारण. दलदलीचे स्वप्न संपले.

मात्र मुलाचा दुसरा प्रश्न येथेच जिवंत होतो. १९७८ मध्ये पायोनियर-व्हीनस मोहिमेने शुक्राच्या हवेतील जड हायड्रोजनचे प्रमाण मोजले. ते पृथ्वीवरील प्रमाणाच्या शंभर पटींहून अधिक निघाले. हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि जड मागे राहतो. तेव्हा एके काळी शुक्रावर आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक पाणी होते असा याचा अर्थ होतो. ते पाणी समुद्र होऊन साचले होते की वाफेच्या रूपातच उडून गेले, याविषयी मात्र मतभेद आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय प्रारूपानुसार शुक्रावर कोट्यवधी वर्षे समुद्र टिकू शकला असता. २०२१ मधील दुसऱ्या प्रारूपानुसार तेथील वाफ कधी थंड होऊन पाऊस पडलाच नसावा. "आधी कोणी राहत होतं का?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर म्हणूनच असे आहे : राहण्याजोगे घर कदाचित होते; त्या घराला कधी छत पडले की नाही हेच अजून वादात आहे.

५

पृष्ठभाग हातचा गेल्यावर विचार ढगांकडे वळला. १९६७ मध्येच हॅरल्ड मोरोविट्झ आणि कार्ल सेगन यांनी शुक्राच्या ढगांत सूक्ष्मजीव असू शकतील असा विचार मांडला होता. ही कल्पना वाटते तितकी स्वैर नाही. पृष्ठभागापासून सुमारे ५० ते ५५ किलोमीटर उंचीवर शुक्राचे तापमान व दाब पृथ्वीवरील परिस्थितीच्या जवळपास येतात. अवघ्या ग्रहात सह्य अशी ती एकच पट्टी आहे.

हवेत इतक्या उंचीवर जीव टिकतात काय, या प्रश्नाशी मराठी नाव जोडले गेले आहे ते जयंत नारळीकरांचे. ज्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे गणितज्ञ काही वर्षे अजमेर येथे राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते, आणि ज्यांनी १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवून मराठी विज्ञानकथेला वळण दिले, तेच हे नारळीकर. त्यांच्या सहभागाने हैदराबादहून २००१ व २००५ मध्ये मोठे फुगे सोडण्यात आले आणि ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. त्यांत पूर्वी अज्ञात असलेल्या तीन सूक्ष्मजीवांच्या जाती सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. एकीला आर्यभटाचे, एकीला फ्रेड हॉईल यांचे आणि एकीला इस्रोचे नाव देण्यात आले. अतिनील किरणांना त्या चांगला प्रतिकार करीत होत्या. हे जीव बाहेरून आले असे यावरून सिद्ध होत नाही, आणि प्रयोगकर्त्यांनीही तसा अंतिम दावा केला नाही. सिद्ध झाले ते एवढेच, की जिवाचे राज्य आपण समजत होतो त्याहून उंच आहे. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. कथेत कल्पनेला पूर्ण मुभा आणि प्रयोगात तिला पूर्ण लगाम, हा त्यांचा धडा या लेखाच्या विषयाला सर्वांत लागू पडतो.

जिवाच्या सहनशीलतेची उदाहरणे शोधण्यास दूर जाण्याची गरज नाही. दुर्गापुऱ्याच्या कृषी संस्थेत गहू-जवाचे वाण घडविताना कोरडी हवा आणि खारट जमीन गृहीतच धरावी लागते. जयपूरच्या पश्चिमेस सांभर सरोवराच्या क्षारयुक्त पाण्यात, जेथे मासा जगत नाही तेथे, मीठ आणि क्षार या दोहोंवर वाढणारे सूक्ष्मजीव अभ्यासकांना सापडले आहेत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले ते अशाच लवणप्रिय जिवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. या उदाहरणांनी उमेद वाढते. पण त्यांनी सिद्ध काय होते ते नीट पाहिले पाहिजे. ज्या जिवाची सुरुवात कोठेतरी सुखाने झाली आहे तो पुढे कष्टाच्या जागी सरकू शकतो, एवढे त्यातून निघते. कष्टाच्या जागी जीव निर्माण होतो, असे निघत नाही. सांभरला शेजारी गोडे पाणी आहे; शुक्राच्या ढगाखाली फक्त भट्टी आहे.

१४ सप्टेंबर २०२० रोजी जेन ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुक्राच्या वातावरणात फॉस्फीन हा वायू आढळल्याचे जाहीर केले. पृथ्वीवर तो प्राणवायूविना जगणाऱ्या सूक्ष्मजीवांशी निगडित असल्याने जगभर खळबळ उडाली. पुढे त्याचे प्रमाण त्याच संशोधकांनी पुष्कळ खाली आणले. इतरांना तो सापडला नाही, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. त्याहून मूलगामी आक्षेप २०२१ मध्ये बेलफास्टच्या संशोधकांनी घेतला. त्यांनी फॉस्फीनचा विचार बाजूला ठेवून पाणी मोजले. एखाद्या द्रावणातील पाणी जिवाला किती उपलब्ध आहे याचे एक माप असते. शुद्ध पाण्याला ते १ धरतात. पृथ्वीवरील अत्यंत चिवट जीवही ०.५८५ च्या खाली वाढत नाहीत. शुक्राच्या ढगांतील थेंबांसाठी हे माप ०.००४ हून कमी आहे. येथे अंतर थोडेथोडके नाही, शंभर पटींहून अधिक आहे. थेंब आहेत, पण त्यांतले पाणी गंधकाम्लाने धरून ठेवलेले. ज्याला प्यायचे त्याच्या ओठी ते लागत नाही.

म्हणून आज देता येईल तो निर्णय दोन भागांत द्यावा लागतो. शुक्राचा पृष्ठभाग आपल्याला ज्ञात असलेल्या कोणत्याही जिवाला निषिद्ध आहे. याविषयी शंका उरलेली नाही. ढगांची पट्टी तापमानाने योग्य, पण पाण्याने अयोग्य आहे. आपल्यासारखा जीव तेथे असण्याची शक्यता फारच थोडी आहे. आपल्यासारखा नसलेला जीव कसा असेल हे आपण सांगू शकत नाही, आणि जे सांगता येत नाही त्याला शक्यता म्हणून मिरवू नये. भारत सरकारने १८ सप्टेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली शुक्र-परिक्रमा मोहीम मार्च २०२८ मध्ये निघावी अशी योजना आहे. ती जीव शोधण्यासाठी नव्हे. शुक्राचा पृष्ठभाग, त्याखालचा थर, वातावरण आणि सूर्याचा त्यावरील परिणाम पाहण्यासाठी आहे. पृथ्वीसारखाच दिसणारा ग्रह असा का झाला, हा तिच्यामागचा प्रश्न आहे. तो प्रश्न शुक्राविषयीचा जितका, तितकाच आपल्याविषयीचा आहे.

६

शेवटी एक गोष्ट, जी या शोधात अकस्मात हाती आली. ढगांआडचा शुक्र रडारने टिपला गेला आणि १९९० ते १९९४ या काळात मॅगेलन यानाने त्याचे जवळजवळ संपूर्ण मानचित्र तयार केले. त्यावरील स्थळांना, दोन-तीन अपवाद वगळता, स्त्रियांचीच नावे द्यावयाची असा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा नियम आहे; मोठ्या विवरांना दिवंगत कर्तृत्ववान स्त्रियांची. त्या यादीत 'जोशी' हे एक विवर आहे, सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचे. हे नाव आनंदीबाई जोशी यांचे. 'मेधावी' नावाचे दुसरे विवर पंडिता रमाबाईंचे. मुंबईच्या बेने इस्राएल समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांचेही नाव तेथे आहे.

मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली तेव्हा त्या समारंभाला रमाबाई उपस्थित होत्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोश्यांनी 'आनंदी गोपाळ' (१९६८) लिहिली, आणि आपण त्या आयुष्याकडे करुणेने पाहण्यास शिकलो. प्रतिकूल वातावरणात जीव तग धरू शकतो का, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत उपमा म्हणून विचारण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ज्यांनी त्यांना दगड मारले आणि ज्यांनी त्यांना निरोप दिला ते दोघेही माणसेच होती. त्यांच्या प्रतिकूलतेला निसर्गनियम म्हणणे म्हणजे माणसांना दोषमुक्त करणे होय.

तरी एवढे म्हणता येते. जगन्नाथांच्या काळी जो केवळ सारणीतील एक आकडा होता, दीक्षितांच्या काळी जो रात्रीची मौज होता, त्या शुक्रावर आज मराठी नावाचे ठिकाण आहे. तेथे कोणी राहत नाही, आणि बहुधा राहूही शकणार नाही. संजीवनी विद्या शुक्राकडे नाही. असलीच तर ती जेथे पाणी आहे तेथे, म्हणजे येथे आहे.

जयपूर सोडण्यापूर्वी मी त्या मुलाला पुन्हा गच्चीवर नेले आणि माझे आधीचे उत्तर दुरुस्त केले. आता कोणी राहत नाही असे आपण जवळजवळ खात्रीने म्हणू शकतो, आणि आधी राहत होते का हे अजून कोणालाच ठाऊक नाही, असे सांगितले. त्याला दुसरे उत्तर अधिक आवडले.